लेनॉक्सच्या पिंपातला चढा स्वर

न्यूझीलंडमध्ये तुम्ही काय करत होतात, असं पुण्यामुंबईकडचं कुणी विचारलं की मी ऑकलंडच्या पेनरोजला औषधांच्या गोदामात स्टोअरकीपर होतो असं सांगून मोकळा होतो. ते खोटं नाही. पण शुक्रवार संध्याकाळ ते रविवार दुपार मी जो धंदा करत होतो तो सांगायला गेलो, तर समोरच्याचा चहा निवतो आणि तरी त्याला काही उमगत नाही. नव्वदच्या दशकातली बहुतेक वर्षं मी एका त्रिनिदादच्या माणसाच्या बँडमध्ये तेलाची पिंपं वाजवत होतो. शुभांगी, म्हणजे आमचं कुटुंब, अजूनही लोकांशी ओळख करून देताना ‘हे गोदामात होते’ एवढंच सांगते आणि माझ्याकडे बघून हसते.

आधी पिंपाचं सांगतो, नाहीतर पुढचं काहीच कळायचं नाही. त्रिनिदाद हे वेस्ट इंडिजमधलं एक बेट. आपल्याला ते क्रिकेटमुळे ऐकून माहीत. तिथल्या गरीब वस्त्यांमधल्या लोकांनी तेलाच्या रिकाम्या पिंपातून हे वाद्य घडवलं. पिंपाचा तळ घणाने ठोकून ठोकून कढईसारखा खोलगट करायचा, त्यावर एकेका स्वराची जागा आखायची, प्रत्येक जागा खालून थोडी वर उचलायची, सगळं भट्टीवर तापवायचं आणि मग लहान हातोडीने एकेक स्वर लावत बसायचं. कडेला मोठे, खालचे स्वर. आत मध्याकडे चिमुकले, वरचे. टोकाला रबर गुंडाळलेल्या दोन काड्यांनी वाजवायचं. त्याला ‘पॅन’ म्हणतात. पत्र्यातून इतका गोड आवाज निघतो यावर पहिल्यांदा ऐकणाऱ्याचा विश्वास बसत नाही. लोक वाकून पिंपाखाली बघतात, स्पीकर कुठे लपवलाय म्हणून.

आणि सोका म्हणजे तिथलं रस्त्यावरचं संगीत. कार्निव्हलला ट्रकवर बँड चढतो आणि अख्खं गाव त्याच्यामागे नाचत चालतं. हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. गिरगावात वाढलेल्या, गणपतीपुढे भर उन्हात चपला हरवेपर्यंत नाचलेल्या माणसाला सोका अंगातूनच कळतो.

मुंबईत मी दिवसा ठाण्याच्या कंपनीत नोकरी करायचो आणि एरवी ऑर्केस्ट्रात बोंगो-कोंगो, पुढे ऑक्टोपॅड वाजवायचो. लहानपणी तबला शिकलो होतो, त्याची हातोडी तेवढी मी ऑकलंडला सामानात घालून आणली. तबला जोडी राहिली दादाकडे. शुभांगीला इस्पितळात नर्सची नोकरी लगेच मिळाली आणि मी माउंट रॉस्किलच्या भाड्याच्या घरात पडदे सरकवून बाहेरच्या बसेस बघत बसलो. गोदामातली नोकरी लागली तरी शनिवार-रविवार मला खायला उठायचे. त्या गावात शनिवारी दुपारनंतर रस्त्यावर माणूस दिसायचा नाही. घराघरातून गवत कापायच्या यंत्राचा आवाज, एवढंच संगीत.

एक दिवस शुभांगी दूध घेऊन आली आणि म्हणाली, “अहो, डेअरीच्या काचेवर चिठ्ठी लावलीय. तालवाद्य वाजवणारा हवाय. खाली लिहिलंय, चिकाटी हवी. जा तुम्ही. घरात टेबल बडवून डोकं उठवलंयत माझं.” तिथे डेअरी म्हणजे कोपऱ्यावरचं वाण्याचं दुकान. मी गेलो, नंबर उतरवला आणि पुढच्या शनिवारी ओटाहुहू नावाच्या उपनगरातल्या एका चर्चच्या हॉलमध्ये हजर झालो.

चिठ्ठी लावणारा त्रिनिदादचा माणूस म्हणजे लेनॉक्स. उंच, शिडशिडीत, दाढीत पांढरे केस डोकावू लागलेला. बोटीवरच्या बँडमध्ये वाजवत वाजवत ऑकलंडला लागला, प्रेमात पडला, उतरला. प्रेम पुढे ऑस्ट्रेलियाला निघून गेलं, हा राहिला. आठवडाभर शाळेची बस चालवायचा. त्याने मला काही वाजवायला न सांगता आधी स्वतःच पॅन वाजवला, बराच वेळ. मग विचारलं, काय वाटलं? मी नवखा, भीड नको का थोडी? पण तबला लावायची सवय असलेला कान गप्प बसत नाही. मी म्हटलं, फार सुंदर, फक्त आतल्या रांगेतला तो एक गंधार किंचित चढा आहे.

तो हसला नाही, रागावलाही नाही. काडी त्या स्वरावर ठेवून म्हणाला, या देशात आल्यापासून हे सांगणारा तू पहिला. मग त्याने मिस्टर क्लाईव्हची गोष्ट सांगितली. हा पॅन घडवला होता पोर्ट ऑफ स्पेनच्या मिस्टर क्लाईव्हने, त्याच्या गुरूने. मिस्टर क्लाईव्ह आपल्या प्रत्येक पॅनमधला तेवढा एक स्वर मुद्दाम केसभर चढा ठेवायचा. बाकीचे सगळे स्वर अगदी शिस्तीत बसलेले असले की पॅन हॉटेलातल्या पियानोसारखा वाजतो, असं त्याचं म्हणणं. कुणीतरी एकाने घाईत असायला हवं. लेनॉक्सने मला ‘गंधार’ हा शब्द दोनदा म्हणायला लावला आणि तेव्हापासून आमच्या बँडमध्ये त्या स्वराचं नावच गंधार पडलं. मला दोन पिंपांची जोडी मिळाली, तिला ‘डबल सेकंड’ म्हणतात, आणि मी बँडवाला झालो. बेस गिटारवर टोंगाचा सिओने होता. ड्रम्सवर दर वर्षी नवा माणूस.

आमचा मोसम डिसेंबर ते मार्च. तिकडे तेव्हा उन्हाळा. ऑफिसांच्या ख्रिसमस पार्ट्या, लग्नं, शाळेच्या जत्रा, एकदा तर ट्रॅक्टरच्या शोरूमचं उद्घाटन. लोकांना बाहेरगावचा बँड हवा असायचा, पण कुठल्या गावचा याची चौकशी कुणी करत नसे. हवाईचे फुलाफुलांचे शर्ट घालायला लावायचे आणि गाणी जमैकाची मागायचे. लेनॉक्स सुरुवातीला समजावत बसायचा की बाबांनो, जमैका आमच्यापासून मुंबई-कलकत्त्याइतकं लांब आहे. (कलकत्त्याचा दाखला माझा.) समोरचा मान डोलवायचा आणि म्हणायचा, ‘स्वीट ॲज’, म्हणजे तिकडचं ‘झकास’, ‘मग जमैकाचं ते एक वाजवा ना.’ पुढे आम्ही न सांगता वाजवायला लागलो.

उन्हाने पत्रा तापला की पॅनचे स्वर उतरतात. म्हणून समुद्रकाठच्या कार्यक्रमाला आम्ही मोठ्या छत्र्या न्यायचो. छत्रीखाली पिंप आणि उन्हात आम्ही. एका बाईने शुभांगीला काळजीने विचारलंही, हे तुमच्या नवऱ्याला सावलीत का उभं करत नाहीत?

एका गिऱ्हाइकाचं मात्र मी कधी विसरणार नाही. एका गोऱ्या म्हाताऱ्या बाईंनी नवऱ्याच्या अंत्यविधीला आम्हाला बोलावलं. तो तरुणपणी मालवाहू बोटीवर होता आणि पोर्ट ऑफ स्पेनला त्याने एकदा पॅन ऐकला होता. आयुष्यभर त्याचं वर्णन करायचा, पण बाईंनी कधी ऐकला नव्हता. लेनॉक्सने फुलाफुलांचे शर्ट गाडीतच ठेवायला लावले. तिथे तो जे वाजवायला लागला ते मी तोवर कधी ऐकलं नव्हतं. त्याची स्वतःची चाल होती. हॉलमध्ये चहाचे कप वाजायचे थांबले. संपल्यावर बाई जवळ आल्या आणि म्हणाल्या, हं, आता कळलं तो काय सांगत होता ते. परतताना मी लेनॉक्सला विचारलं, असलं काही तुझ्याजवळ आहे तर आपण ते एरवी का वाजवत नाही? तो म्हणाला, कुणी मागत नाही म्हणून.

महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीचंही सांगायला हवं. डॉक्टर, फार्मसिस्ट, नर्सेस अशी मंडळी, ओटाहुहूतल्या शाळेचा हॉल भाड्याने घेतलेला, ढोल-ताशा कुठून आणणार? मी म्हटलं, आमचा बँड आणतो. कमिटीतले एक काका बराच विचार करून म्हणाले, “बाप्पापुढे तेलाचं पिंप म्हणजे... आधी त्यात कसलं तेल होतं, काही कल्पना?” मी गंभीर चेहऱ्याने सांगितलं, शेंगदाण्याचं. काकांचं समाधान झालं. लेनॉक्सने कुणी न सांगता दाराशी बूट काढले. आरतीची चाल त्याने दोन वेळा ऐकून उचलली होती, आणि आरतीनंतर मिरवणुकीचा ताल म्हणून सोका सुरू केला. एरवी मराठी कार्यक्रमात कोपऱ्यात बसून ‘कॅन वी गो नाऊ?’ म्हणणारी आमची पोरं हॉलभर नाचत होती. माझ्या डोळ्यांसमोर मात्र गिरगाव होतं. मी वाजवता वाजवता रडत होतो आणि सिओने मला घाम पुसायला टॉवेल देत होता. सगळं आवरल्यावर लेनॉक्स म्हणाला, आज मला घरी गेल्यासारखं वाटलं. मी म्हटलं, मलाही. पण दोघेही ओटाहुहूतच होतो.

तो घरी का जात नाही, हे मला पुष्कळ दिवस कळत नव्हतं. फेब्रुवारीत तिकडे कार्निव्हल असतो. त्या दिवसांत लेनॉक्सचं वाजवण्यात लक्ष नसायचं. तालमीला यायचा, काड्या हातात धरून उभा राहायचा, आणि खिडकीबाहेर बघत सांगायचा की या वेळी मिस्टर क्लाईव्हच्या अंगणात चाळीस-पन्नास पॅन मांडलेले असतील, म्हातारा पट्ट्याच्या खुर्चीवर बसून एकेकाला शिव्या घालत असेल. दर वर्षी म्हणायचा, पुढच्या वर्षी जाणार. एकदा मी जोर धरला, तेव्हा म्हणाला, “मी गेलो की तो पहिला प्रश्न विचारेल, तिकडे काय वाजवतोस? मी काय सांगू, डिलिप? ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये जमैकाची गाणी?”  बायको-पोरं, भाडं, गाडी असं कारण सांगून न जाणारे मी पुष्कळ पाहिले, त्यांच्यात मीही होतो. गुरूपुढे उभं राहायची लाज वाटते म्हणून न जाणारा हा एकच.

मग एका वर्षी ऑक्टोबरात अपघात झाला. एका बिल्डरच्या पार्टीत आम्ही जेवायला गेलो असताना कुणीतरी बियरच्या बाटल्या आणि बर्फाने भरलेलं भलंमोठं चिली बिन, म्हणजे तिकडची बर्फाची पेटी, लेनॉक्सच्या पॅनवर ठेवलं. टेबल समजून. आम्ही येईपर्यंत तिथे चांगला घोळका जमला होता. बिन उचललं तर आतल्या रांगेतले तीन स्वर मेले होते. मेले म्हणजे काडी मारली की ठक्क, नुसता पत्रा. ठेवणारा माणूस भला होता, पुनःपुन्हा माफी मागत होता. गाड्यांचे पत्रे ठोकणारा त्याचा भाऊ सोमवारी सरळ करून देईल असंही म्हणाला. लेनॉक्सने पॅन उचलून छातीशी धरला आणि गाडीत जाऊन बसला.

पॅन लावणारा कारागीर त्या वेळी त्या देशात आमच्या माहितीत एकही नव्हता. आणि असता तरी लेनॉक्सने मिस्टर क्लाईव्हखेरीज दुसऱ्याचा हात त्याला लागू दिला नसता. तोड काढली शुभांगीने. तिच्या वॉर्डात डॉक्टर इंद्राणी म्हणून होत्या, त्रिनिदादच्याच, पणजोबा कधीकाळी हिंदुस्थानातून तिकडे उसाच्या मळ्यावर कामाला गेलेले. ख्रिसमसला त्या घरी निघाल्या होत्या. पॅन घेऊन जायला आनंदाने तयार झाल्या. तिकडे लेनॉक्सची बहीण मर्ल तो उतरवून घेणार आणि मिस्टर क्लाईव्हकडे पोचवणार, असं ठरलं.

नुसता पॅन पाठवायचा तर सोपं होतं. पण लेनॉक्सच्या मनाने उचल खाल्ली. त्याने आम्हाला गोळा केलं आणि आपल्या स्वतःच्या चाली बसवायला घेतल्या. त्या अंत्यविधीतली एक, आणि अशाच इतर, ज्या कुणी मागितल्या नव्हत्या. पॅन मोडका, म्हणून मुख्य चाल तो माझ्या डबल सेकंडवर वाजवायचा आणि मी कोंगोवर बसायचो. माझ्या गॅरेजमध्ये आम्ही ती कॅसेट भरली. शेजाऱ्यांचं गवत कापायचं यंत्र मध्येच सुरू झालं की पुन्हा पहिल्यापासून. इतका खूष मी त्याला कधी पाहिला नव्हता. कॅसेट रुमालात गुंडाळून त्याने पॅनच्या पोटात ठेवली आणि इंद्राणीताईंना बजावलं, हे मिस्टर क्लाईव्हच्या हातातच द्यायचं, आणि तो काय म्हणाला ते शब्द न गाळता मला येऊन सांगायचं. शिव्या दिल्या तर शिव्यासुद्धा.

पुढचे दिवस तो रोज एकदा माझ्याकडे फोन करायचा. कारण काहीतरी दुसरंच काढायचा. म्हाताऱ्याने ऐकलं असेल का? अंत्यविधीची चाल त्याला लांबट तर वाटणार नाही? मध्येच म्हणायचा, त्याने नुसतं ‘बरं आहे’ म्हटलं तरी येत्या कार्निव्हलला जाणार, बस गेली खड्ड्यात. मी मनातल्या मनात त्या कधी न पाहिलेल्या म्हाताऱ्याला विनवायचो, बाबा रे, तेवढं म्हण.

इंद्राणीताई जानेवारीअखेर परतल्या. शनिवारी दुपारी पॅन घेऊन आमच्याकडेच आल्या. लेनॉक्स आधीपासून गॅरेजमध्ये येऊन बसला होता. शुभांगीने चहा आणला. ताई म्हणाल्या, पॅन झकास झालाय, आधी वाजवून तर बघा. मला त्यांची ती घाई जरा चमत्कारिक वाटली.

लेनॉक्सने पॅन स्टँडला लावला आणि कडेच्या स्वरांवरून आत आत येत वाजवू लागला. मेलेले तिन्ही स्वर जिवंत झाले होते. असा स्वच्छ तो पॅन मी कधी ऐकला नव्हता. शुभांगीने माझ्याकडे बघून मान डोलावली. आणि लेनॉक्स थांबला. एक स्वर वाजवला. पुन्हा तोच. मग माझ्याकडे न बघता विचारलं, “डिलिप, गंधार कसा आहे?”

मी ऐकलं. म्हणालो, बरोबर आहे. सुरात आहे.

बोलून झाल्यावर मला कळलं मी काय बोललो ते.

लेनॉक्सने काड्या पॅनवर ठेवल्या आणि इंद्राणीताईंकडे वळून शांतपणे विचारलं, “मिस्टर क्लाईव्ह कधी गेला?”

ताईंनी कप खाली ठेवला. ऑगस्टमध्ये, म्हणाल्या. म्हणजे चिली बिनच्याही आधी, कॅसेटच्या पुष्कळ आधी. पॅन त्याच्या मुलाने लावला होता, नव्या पद्धतीने, मशीनवर काटा बघून. मर्लने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की लेनॉक्सला कळवू नका, तो तिकडे एकटा आहे. कॅसेट मर्लपाशीच होती. परदेशातल्या माणसाला वाईट बातमी उशिरा कळवायची ही रीत फक्त आपली, असं मला वाटायचं. माझ्या वडिलांचं ऑपरेशन झालेलं मला ते चालायला लागल्यावर कळलं होतं. ताई रडायला लागल्या, शुभांगीने त्यांना घरात नेलं. लेनॉक्स उठून गॅरेजच्या दारात उभा राहिला.  मी शेजारी जाऊन उभा राहिलो.

त्या संध्याकाळी आमचं एक लग्न होतं. आम्ही गेलो. जमैकाची गाणी वाजवली, लोक नाचले. त्याच्या हातून एकही काडी चुकली नाही, पण त्या एका स्वराला तो शिवत नव्हता. जिथे गंधार यायचा तिथे तो जागा मोकळी सोडून पुढे जायचा. सिओनेच्याही ते लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पॅन घेऊन परत माझ्या दारात. म्हणाला, तुझी ती तबल्याची हातोडी दे. मी दचकलो. लहानपणी मिस्टर क्लाईव्हच्या अंगणात त्याने पिंपं ठोकली होती, पण स्वर लावायला म्हाताऱ्याने त्याला कधी बसवलं नव्हतं, हे त्यानेच मला सांगितलेलं. आतले स्वर अंगठ्याएवढे. एक ठोका जास्त पडला की स्वर मेला, आणि या खेपेला जिवंत करणारं कुणी नव्हतं. मी हे सगळं बोलून दाखवलं. तो म्हणाला, ठाऊक आहे, म्हणून तर तू समोर बस. तो स्वर किती चढा होता हे या देशात दोघांनाच माहीत आहे.

हातोडीची कड मी कानशीने घासून गुळगुळीत करून दिली. त्याने पॅन मांडीवर आडवा घेतला आणि खालून, हलक्या हाताने, एक ठोका दिला. वरून काडीने वाजवला. मी नाही म्हणून मान हलवली. पुन्हा ठोका, पुन्हा काडी. सकाळ अशीच चालली. शुभांगी दोनदा चहा ठेवून गेली, दोन्ही वेळा तो निवला.  आणि खरं सांगायचं तर थोड्या वेळाने मला नक्की काही आठवेना. इतकी वर्षं शेजारी उभं राहून ऐकलेला स्वर, पण तो कानात आहे की आत्ताचाच ऐकून तो जुना वाटतोय, सांगता येईना. मी तसं त्याला बोललोही.

त्याने हातोडी खाली ठेवली. पॅन सरळ करून तो स्वर एकदा वाजवला, आणि तो पूर्ण विरेपर्यंत ऐकत राहिला.

“मी आधी जायला हवं होतं,” तो म्हणाला. “आता माझं चुकलं तर चुकलं म्हणून सांगणारं कुणी उरलं नाही.”

मी डोळे मिटले. म्हटलं, “पुन्हा वाजव.”

त्याने वाजवला.

“अजून उतरलेला आहे,” मी म्हणालो.

 मग त्याने पॅन पुन्हा मांडीवर आडवा घेतला आणि हातोडी उचलली.